बरगड्या दिसतात म्हणजे घोडी उपाशी आहे का?

प्रश्न बारामतीकडच्या एका तरुणाचा आहे. त्याने डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत सहा वर्षांची मारवाडी घोडी घेतली. तेव्हा ती अगदी गुटगुटीत होती. पावसाळा संपला की 40 किलोमीटरच्या एंड्युरन्समध्ये, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडास्पर्धेत, उतरायचं म्हणून जानेवारीपासून तिची तयारी चालू आहे. आता जूनमध्ये घोडी नुसती उभी असली तरी शेवटच्या तीन बरगड्या दिसतात. काका म्हणतात, "मुक्या जनावराचे हाल चाललेत, लोक नावं ठेवतात." चाबुकस्वार म्हणतो, "काका, हीच तर तयारी." घेर 166 सेंटिमीटर, लांबी 147. रोज दोन किलो भिजवलेला हरभरा, एक किलो गव्हाचा कोंडा, आठ किलो ओला लसूणघास आणि दोन किलो कडबा. 20 किलोमीटर फिरवून आणल्यावर दहा मिनिटांत हृदयाचे ठोके मिनिटाला 60 वर येतात. चंदी, म्हणजे दाणा-कोंड्याचं खाणं, चाटूनपुसून खाते. घोडीचं वजन बरोबर आहे का, आणि ते कसं ओळखायचं?

आधी सारंगखेड्याबद्दल बोलू, कारण तुमच्या घरातल्या भांडणाचं मूळ तिथे आहे. यात्रेत घोडा विकायला येतो. दत्तजयंतीच्या आधी दोन-तीन महिने त्याला बांधून चारतात. हरभरा, गूळ, तूप, ज्याची जशी ऐपत. काम जवळजवळ नाही. तापीकाठी रांगेत उभा राहिला की पाठ भरलेली, पुठ्ठे गोल, मानेची कमान जाड, अंगावर तुकतुकी. गिऱ्हाइकाला तेच हवं असतं, आणि नाचाच्या घोड्याला ते शोभतंही. पण तो विक्रीचा साज आहे. काकांच्या डोळ्यांत घोडीचं ते रूप बसलंय आणि आजची घोडी ते त्याच मापाने मोजतायत. सहा महिने काम केलेल्या घोडीच्या अंगावर यात्रेतली चरबी तशीच राहिली असती, तर मी उलट विचारलं असतं की काम नक्की झालंय का. घोडा का अडला, भाकरी का करपली, पान का सडलं, या आपल्या जुन्या कोड्याचं उत्तर तुम्हाला ठाऊकच आहे. न फिरवल्याने घोडा अडतो, तसाच तो सुटतोही.

आता वजनाचा आकडा. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले 11880, माप सेंटिमीटरमध्ये, उत्तर किलोमध्ये. घेर म्हणजे खांद्याच्या उंचवट्याच्या मागून, पुढच्या पायांच्या मागून, खोगिराचा पट्टा (तंग) बसतो तिथून. लांबी खांद्याच्या पुढच्या टोकापासून मागे पुठ्ठ्याच्या हाडाच्या टोकापर्यंत. तुमच्या मापांवरून 341 किलो येतात. मध्यम बांध्याच्या मारवाडी घोडीला हे अजिबात कमी नाही. पण या आकड्यावर फार विसंबू नका. टेप दोन सेंटिमीटर ढिली धरली, घेर 168 आला, की हीच घोडी 349 किलोंची होते. श्वास आत की बाहेर, घोडी मान खाली घालून खात होती की वर करून बघत होती, यानेही माप हलतं. शिवाय घोड्याच्या आतड्यांत वैरण आणि पाणी मिळून वजनाचा मोठा हिस्सा असतो. सकाळी लीद टाकल्यावर मोजलेली घोडी आणि संध्याकाळी वैरण खाऊन, दोन बादल्या पाणी पिऊन उभी असलेली घोडी यांत दहा-पंधरा किलो सहज इकडेतिकडे होतात. म्हणून माप एकाच माणसाने, एकाच वेळी, खाण्याआधी, दर पंधरा दिवसांनी घ्यायचं आणि वहीत तारखेसकट लिहायचं. एक आकडा काही सांगत नाही, पण लागोपाठ सहा आकडे समोर आले की कल दिसतो. गावाजवळ वाहनांचा वजनकाटा असेल तर टेम्पो घोडीसकट आणि घोडीशिवाय असा दोनदा तोलता येतो. तो काटा मात्र बहुधा दहा-दहा किलोंच्या टप्प्याने वजन दाखवतो, हे लक्षात असू द्या.

खरी परीक्षा हाताची. डोळ्याला केस फसवतात, उजेड फसवतो, रंगही फसवतो. काळ्या घोड्याची बरगडी लवकर दिसत नाही. नुकरा (पांढऱ्या) किंवा फिकट रंगाच्या घोड्याची सावली पडली की लांबूनही मोजता येते.

जगभर बरेच पशुवैद्य घोड्याचं अंग 1 ते 9 असं मोजतात. डॉन हेनेके या अमेरिकी संशोधकाने 1983 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. 1 म्हणजे हाडांचा सापळा, 9 म्हणजे चरबीचा गोळा, 5 म्हणजे मधलं. सहा ठिकाणी बघायचं: मान, खांद्याचा उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटाचा बुडखा. मूळ काम पैदाशीच्या घोड्यांवर झालेलं आहे आणि गाभण राहायला अंगावर किती चरबी हवी हा त्यांचा प्रश्न होता. म्हणून ही पद्धत चरबी मोजते, तयारी मोजत नाही. निम्मे वाद इथेच होतात.

हात असा लावा. घोडी सपाट जागी चारही पायांवर सरळ उभी करा. डाव्या बाजूला उभे राहून उजवा तळवा खांद्यामागे ठेवा आणि बोटं सरळ ठेवून, फार दाब न देता, हात मागे कुशीपर्यंत न्या. आता स्वतःचा डावा हात बघा. मूठ आवळून गाठींवरून बोट फिरवा: बरगड्या अशा टोचत असतील तर घोडी बारीक आहे. मूठ उघडून तळहाताच्या बाजूने बोटांच्या मुळांवरून बोट फिरवा: असं मऊ लागत असेल, हाड दाबून शोधावं लागत असेल, तर अंगावर चरबी जास्त आहे. आणि हात सरळ ठेवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं की गाठी कळतात पण टोचत नाहीत. कामाच्या घोड्याची बरगडी अशी लागली पाहिजे. मी नव्या मुलांना हे शिकवतो तेव्हा आधी डोळे मिटायला लावतो. डोळे उघडे असले की हात डोळ्यांचं ऐकतो.

मग शेपटाचा बुडखा. शेपूट जिथे अंगातून निघतं तिथे दोन्ही बाजूंना चिमटीत धरा. थोडं स्पंजासारखं लागलं की चरबीचा साठा शिल्लक आहे. हाडाभोवती नुसती कातडी लागली तर साठा संपत आलाय. तुम्ही लिहिलंय की बुडख्याशी किंचित मऊ लागतं. हे वाचून माझा जीव भांड्यात पडला. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसणं, पाठीचा कणा किंचित जाणवणं, बुडख्याशी थोडी मऊपणाची गादी, हे सगळं मिळून मी घोडीला 4 ते साडेचार देईन. लांब पल्ल्याच्या घोड्याला साडेचार-पाच मला आवडतात. तीनच्या खाली गेलेला घोडा मी 40 किलोमीटरला उभाही करणार नाही.

याला कारण आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टेव्हिस कप नावाची 160 किलोमीटरची स्पर्धा होते, एका दिवसात डोंगर ओलांडायचे. तिथल्या घोड्यांची अशीच मोजणी करून अभ्यास झालाय, आणि फार बारीक घोडे स्पर्धा पूर्ण करण्यात मागे पडले, असं त्यात दिसलं. हलका घोडा लांब पळतो हा आपला समज एका मर्यादेपर्यंतच खरा. लांब पल्ल्याला घोडा स्नायूंतल्या साखरेबरोबर चरबीही जाळतो. ती अंगावरच नसेल तर पुढे स्नायू झिजायला लागतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे. चरबी म्हणजे अंगावरची रजई. ऑक्टोबर हीटमध्ये बारामतीच्या माळावर सहा-सातच्या अंगाचा घोडा पळवाल तर तो तापेल, ठोके उतरायला वेळ घेईल आणि पशुवैद्य तिथेच थांबवेल.

आता चाबुकस्वाराकडे वळू. "हीच तर तयारी" हे त्याचं वाक्य मला पूर्ण पटत नाही. बरगड्या दिसणं हा तयारीचा पुरावा नाही. उपाशी घोड्याच्याही बरगड्या दिसतात, जंत झालेल्याच्याही, दात घासलेल्याच्याही. तयारी बघायची असेल तर बरगड्यांवरून नजर उचलून पाठीवर न्या. खोगीर बसतं त्या जागी कण्याच्या दोन्ही बाजूंना स्नायूची भर आहे का? मागून उभे राहून (लाथेच्या टप्प्याबाहेर) पुठ्ठे बघा. तयार घोड्याचे पुठ्ठे मागून भरलेले दिसतात. बारीक झालेल्याचे कौलारू छपरासारखे, मधे कडा आणि दोन्हीकडे उतार. मांडीच्या मागे स्नायूंमधली उभी रेघ तयार घोड्यातही दिसते आणि कुपोषित घोड्यातही. फरक असा की तयार घोड्यात त्या रेघेच्या दोन्ही बाजू फुगीर आणि कठीण असतात, दुसऱ्यात त्या खोलगट असतात.

यात्रेत नेमका उलटा प्रकार बघायला मिळतो आणि तो फार जणांच्या लक्षात येत नाही. बरगड्यांवर चरबी, मान जाड, पण खांद्याच्या उंचवट्यामागे दोन्ही बाजूंना खड्डा आणि कंबर पोकळ. हा घोडा लठ्ठही आहे आणि अशक्तही. चरबीने स्नायूचं काम होत नाही. जाड मानेचं कौतुक करताना तिथला थर हाताने हलवून बघा. कडक, डोलणारी चरबीची वळी असेल तर तो खूर आजारण्याचा इशारा आहे, आणि एकदा खुराची आतली पकड सुटली की एंड्युरन्स विसरा, घोडा उभा राहिला तरी पुरे असं होतं.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत खांद्याच्या उंचवट्यामागे, डाव्या बाजूला, किंचित खड्डा दिसतोय. उजवीकडे नाही. हा खाण्याचा प्रश्न वाटत नाही, कारण खाणं कमी पडलं तर दोन्ही बाजू सारख्या जातात. खोगीर बघा. डिसेंबरात भरलेल्या पाठीवर बसवलेलं खोगीर आता सहा महिन्यांनी त्याच पाठीवर बसेलच असं नाही. कामावरून आल्यावर खोगीर काढा आणि घामाचा ठसा बघा. भिजलेल्या पाठीवर मधेच कोरडा डाग असेल तर तिथे दाब पडतोय.

तुमच्या घोडीचं पोट खपाटीला गेलंय असंही काका म्हणाले. इथे काकांचं थोडं खरं आहे, फक्त कारण वेगळं. हिशेब करू. लसूणघासात पाऊण हिश्श्याहून जास्त पाणीच असतं. आठ किलो ओल्या घासातून कोरडा भाग मिळतो जेमतेम दीड किलोच्या आसपास. कडबा दोन किलो. म्हणजे वैरण झाली साडेतीन किलोंच्या आतबाहेर. 341 किलोंच्या घोडीला कोरड्या हिशेबाने वजनाच्या किमान दीड टक्का वैरण हवी, म्हणजे पाच किलो. दोन टक्क्यांपर्यंत गेलात तर उत्तम. तुमची घोडी चंदीला उपाशी नाही, वैरणीला उपाशी आहे. घरातली बाई पाहुण्याला लाडू आग्रहाने वाढते पण भाकरी मोजून देते, तसं झालंय हे.

लांब पल्ल्याच्या घोड्याला याने दुप्पट मार बसतो. वैरण मोठ्या आतड्यात पाणी धरून ठेवते, आणि तो साठा घोडा पळताना वापरतो. उन्हात काम करणारा घोडा तासाला दहा लिटरपर्यंत, कधी त्याहूनही जास्त घाम गाळतो. आतडी रिकामी असतील तर हे पाणी येणार कुठून? शिवाय पोटात वैरण कमी आणि चंदी जास्त असली की जठरात व्रण होतात. शर्यतीच्या तबेल्यांमध्ये हे रोजचं आहे. घोडा चंदी अर्धी सोडतो, खाताना थांबतो, दात खातो, अंग उतरतं. तुमची घोडी अजून चाटूनपुसून खातेय, तोपर्यंत सावरून घ्या.

मी काय करेन? कोरडं गवत दोन-अडीच किलोंनी वाढवेन, रात्रीचं मोठं. हिरवी कोवळी ज्वारी किंवा फुटव्याची ज्वारी मात्र नको, त्यात विष असतं. कोंडा अर्ध्यावर आणेन. एक किलो कोंड्याने पोट भरतं, पण त्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, आणि ते हाडांना महागात पडतं. लसूणघास त्याचा तोल थोडा सावरतो म्हणून आजवर निभावलं. हरभरा दोन किलो ठीक आहे, पण तीन वेळांत वाटून. एका वेळी चंदी दीड किलोच्या वर कधीच नको. अंग अजून भरायचं असेल तर हरभरा वाढवण्याऐवजी खाद्यतेल द्या: दोन चमच्यांपासून सुरुवात करून दोन-तीन आठवड्यांत शंभर-दीडशे मिलीलिटरपर्यंत. रोज वीस-पंचवीस ग्रॅम मीठ, घामाच्या दिवशी जास्त, आणि पाणी कायम समोर. हे सगळे बदल दहा-पंधरा दिवसांत हळूहळू. एका रात्रीत खाणं बदललं की पोटशूळ उठतो आणि मग मध्यरात्री तुम्ही मला फोन करता.

अंग एका अंकाने वर यायला तुमच्या घोडीला साधारण बारा-पंधरा किलो लागतील आणि काम चालू ठेवून दीड-दोन महिने. ऑगस्टअखेर बघू. आठ दिवसांत काही दिसलं नाही म्हणून चंदी दुप्पट करू नका.

याच्या आधी मात्र दोन गोष्टी. दात आणि लीद. सहा वर्षांची घोडी, म्हणजे दाढांच्या कडा धारदार झालेल्या असू शकतात. खाताना वैरणीचे ओले गोळे खाली पडतात का, लिदीत अख्खा हरभरा दिसतो का, एवढं बघा, आणि पशुवैद्याकडून तोंड उघडून तपासून घ्या. जंताचं औषध आंधळेपणाने देण्याआधी लीद तपासणीला पाठवा.

आणि एक गोष्ट मी स्वतः चुकून शिकलोय. काही वर्षांपूर्वी खानदेशातल्या एका मालकाची घोडी बघायला गेलो होतो. बारीक, पण चपळ, खाणं उत्तम. मी हात फिरवला, ठोके घेतले आणि म्हणालो, कामावर आहे, बारीक दिसणारच, खाणं वाढवा. तीन आठवड्यांनी मालकाचा फोन आला: अंग आणखी गेलंय, पोटाखाली आणि मागच्या पायांना सूज आहे. रक्ताची काच बघितली तर सर्रा. गोमाश्यांनी पसरणारा हा आजार पावसाळ्यात आणि नंतर आपल्याकडे दिसतो, ताप येतो-जातो, आणि फसवणारी गोष्ट म्हणजे घोडं खाणं सोडत नाही. खातंय पण अंग जातंय, असं दिसलं की तेव्हापासून मी चंदीबद्दल बोलायच्या आधी रक्त तपासतो. पहिल्या भेटीत ताप मोजला असता तर कदाचित तेव्हाच कळलं असतं. घोड्याचा ताप साडेअडतीस अंश सेल्सियसच्या वर गेला की लिहून ठेवा. थर्मामीटर तबेल्यात खिळ्याला टांगलेला असावा, घरातल्या कपाटात नव्हे.

तुमच्या घोडीचे ठोके दहा मिनिटांत 60 वर येतात हे चांगलं आहे. स्पर्धेत सहसा 64 ची मर्यादा असते. विश्रांतीचे ठोकेही लिहीत जा. जबड्याखाली हाडाच्या कडेला बोट ठेवलं की नाडी लागते. उभ्या घोडीचे 28 ते 44 मधे यायला हवेत. बरगड्या दिसतायत पण उतरणारे ठोके तसेच चांगले, विश्रांतीचे स्थिर, चंदी संपते, पाठ भरत चाललीये: घोडी घडतेय. बरगड्या दिसतायत आणि त्याच रस्त्यावर, त्याच वेगाने, ठोके उतरायला आधी दहा मिनिटं लागायची तिथे पंधरा लागतायत, डोळा मंद, खरारा करताना कान मागे टाकते: काम थांबवा. एक आठवडा नुसती लगामाने चालवा आणि पशुवैद्याला बोलवा. बाहेरून बघणाऱ्याला या दोन घोड्या सारख्याच दिसतील.

फोटो काढाल तेव्हा दर महिन्याला त्याच जागी, त्याच वेळी, बाजूने आणि मागून काढा, घोडीचं डोकं सरळ. ओली घोडी नको, अंघोळीनंतर सगळेच घोडे दोन अंकांनी बारीक दिसतात.

काकांचं काय करायचं विचारलंत. त्यांना वहीतले आकडे दाखवू नका, त्यांना राग येईल. सकाळी खराऱ्याच्या वेळी त्यांनाच हाताला धरून घोडीपाशी न्या. तळवा खांद्यामागून कुशीपर्यंत फिरवायला सांगा, मग शेपटाच्या बुडख्याची चिमटी घ्यायला लावा. पोटाचं त्यांचं म्हणणं खरं निघालं हेही सांगा, आणि वाढीव गवताची पेंढी रात्री तेच टाकतील असं बघा.